बुटांच्या आधी

तर झालं असं, की आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीने जानेवारीत पळायला सुरुवात केली. म्हणजे अगदी रीतसर. 7,000 रुपयांचे बूट, मनगटावर घड्याळ, फोनमध्ये अ‍ॅप, नऊ आठवड्यांत पाच किलोमीटरचा तक्ता प्रिंट काढून फ्रिजवर. पहिला आठवडा झाला, दुसरा झाला, आणि तिसर्‍या आठवड्यात बाईसाहेब गायब. विचारलं तर म्हणाली, "रिलीज आहे गं, वेळच मिळत नाही." रिलीज तर आमच्याकडे बाराही महिने असतं. त्यामुळे मी काही फार विश्वास ठेवला नाही. "आळशी झालीस" वगैरे चिडवून घेतलं आणि विषय संपला.

पुढे कधीतरी पँट्रीत आम्ही दोघीच होतो तेव्हा चहा ढवळता ढवळता ती म्हणाली, "खरं सांगू का? दुखतं गं. पळताना इथे दुखतं. आणि नंतर दिवसभर ठणकतं." 'इथे' म्हणताना तिने हात छातीपर्यंत नेला आणि अर्ध्यातच खाली घेतला, कारण तेवढ्यात कोणीतरी कॉफी घ्यायला आलं.

मी विचारलं, "आत काय घालतेस?"

"म्हणजे? रोजचंच. कॉटनचं."

म्हणजे बूट 7,000चे आणि ज्या गोष्टीमुळे तिचं पळणं बंद पडलं ती 250 रुपयांची, ऑफिसला घालायची, पट्ट्या सैल झालेली. बूट घेताना तिने दहा जणांना विचारलं होतं. दुकानातल्या मुलाने तिला ट्रेडमिलवर पळवून पाऊल कसं पडतं ते बघितलं होतं. ब्राबद्दल मात्र तिने कोणाला विचारलं नाही, आणि तिला कोणी सांगितलंही नाही. मीसुद्धा नाही. मी फक्त "आळशी" म्हटलं.

ते मला फार लागलं. कारण हे सगळं माझंही झालेलं आहे. म्हणून आजचा हा लेख.

आधी यंत्रणा समजून घेऊ. (इंजिनिअरला त्याशिवाय चैन पडत नाही.) आपल्या स्तनांच्या आत स्नायू नसतात. स्नायू असतात ते मागे, छातीचे. स्तनांना धरून ठेवतात ती फक्त वरची त्वचा आणि आतले कूपर्स लिगामेंट्स नावाचे नाजूक तंतू. म्हणजे व्यायाम करून पोटरी मजबूत होते तसं हे काही मजबूत होत नाही. आणि पळताना हालचाल नुसती वरखाली होत नाही. वरखाली, डावीउजवीकडे आणि पुढेमागे, अशी तिन्ही दिशांना होते. समोरून बघितलं तर साधारण इंग्रजी आठाचा आकडा काढावा तशी. दर दोन पावलांना एक आकडा, किलोमीटरला किती पावलं होतात ते तुम्हीच मोजा.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात या विषयावर बरीच वर्षं संशोधन चालू आहे. जोआना स्कर या तिथल्या प्राध्यापक. त्यांच्या गटाने 2012च्या लंडन मॅरेथॉनमध्ये पळणार्‍या 1,285 बायकांना विचारलं, तेव्हा 32 टक्के म्हणाल्या की स्तनांत दुखतं. या मॅरेथॉन पळणार्‍या बायका आहेत हं! सराव असलेल्या, चांगले कपडे सहज मिळणार्‍या देशातल्या. मग तक्ता फ्रिजवर लावून तिसर्‍या आठवड्यात थांबलेल्या आमच्या मैत्रिणीला आळशी म्हणणारी मी कोण?

याच गटाचा 2016चा दुसरा अभ्यास शाळकरी मुलींवर होता. 2,089 मुली, वय अकराच्या पुढे. त्यातल्या 46 टक्के मुलींनी सांगितलं की छातीमुळे त्यांच्या खेळण्यावर थोडाफार परिणाम होतो. आणि 87 टक्के मुलींना या विषयाची जास्त माहिती हवी होती. म्हणजे मुली विचारायला तयार आहेत. सांगणारं कोणी नाही.

मी आठवीपर्यंत शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये होते. बर्‍यापैकी पळायचे. आठवीच्या दिवाळीनंतर मी खेळायची बंद झाले. सरांनी विचारलं तेव्हा "पोटात दुखतंय" हे उत्तर दिलं, आणि ते उत्तर मुलींनी दिलं की सर पुढे काही विचारत नाहीत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आईला सांगितलं, अभ्यास जास्त आहे. आई खूश झाली. खरं कारण एवढंच होतं, की पळताना दुखायचं आणि मैदानाच्या कडेला बसलेली नववीची मुलं हसायची. त्यावर काही उपाय असू शकतो, तो दुकानात विकत मिळतो, हे मला तेराव्या वर्षी कोणी सांगितलं नाही. ते मला समजलं सव्वीसाव्या वर्षी. मधली तेरा वर्षं मी स्वतःला 'खेळाची आवड नसलेली मुलगी' समजत होते.

आता यात आईची काही चूक आहे असं मला वाटत नाही. तिला तिच्या आईने तेवढंही सांगितलं नव्हतं. आमच्या घरात या वस्तूला नावच नव्हतं. 'आतले कपडे'. ते दोरीवर टॉवेलखाली वाळायचे. पावसाळ्यात तर तिथे वाळायचेच नाहीत, आणि आम्ही तसेच दमट घालून शाळेत जायचो.

याउलट कोल्हापूरकडच्या कुठल्याही तालमीत जाऊन बघा. पैलवानांचे लंगोट उघड्यावर दोरीला वाळत असतात, आणि लंगोट कसा बांधायचा हे वस्ताद पहिल्या दिवशी शिकवतो. कोणाला त्यात लाज वाटत नाही. ते कुस्तीचं साहित्य आहे. आमच्या ऑफिसच्या रनिंग ग्रुपमधले पुरुषही लांब पळताना टी-शर्ट घासून स्तनाग्रांमधून रक्त येतं म्हणून कोणती टेप लावायची, व्हॅसलिन किती लावायचं, याची चर्चा सगळ्यांदेखत मोठ्याने करतात. आणि बरोबरच आहे. त्यांना त्रास होतो, ते उपाय शोधतात. आपणच तेवढ्या पँट्रीत हात अर्ध्यात खाली घेतो.

गंमत म्हणजे स्पोर्ट्स ब्राचा जन्मही पुरुषांच्या सपोर्टरमधूनच झाला. 1977 साल. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल नावाची एक बाई नियमित पळायची. तिच्या बहिणीनेही नुकतंच पळायला सुरुवात केली होती. बहिणीने फोनवर विचारलं, याचं तू काय करतेस? दोघींची चर्चा या प्रश्नापाशी आली, की पुरुषांना सपोर्टर असतो, मग बायकांसाठी तसं काही का नाही? लिसाची मैत्रीण पॉली स्मिथ नाटकांचे कपडे शिवायची, आणि तिच्याबरोबर हिंडा मिलर काम करायची. तिघींनी मिळून दोन सपोर्टर आणले, कापले, एकमेकांना शिवले. लिसा ते घालून पळाली, आणि ते चाललं! 'जॉगब्रा' या नावाने ते बाजारात आलं, 1979मध्ये पेटंट मिळालं, आणि 2022 साली या तिघींना अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

म्हणजे चंद्रावर माणूस गेल्यानंतर आठ वर्षांनी बायकांना पळण्यासाठी ब्रा मिळाली. तीही ज्यांना त्रास होत होता त्यांनीच शिवली तेव्हा. ज्याला बग दिसतो त्यालाच तो सोडवावा लागतो, हे आमच्या धंद्यातलं जुनं सत्य.

आता मुद्द्याचं. निवडायची कशी? मी या बाबतीत बरेच पैसे वाया घालवलेले आहेत, त्यामुळे अधिकारवाणीने सांगते.

पहिली गोष्ट, माप घ्या. घरी, शिंप्याच्या टेपने. एक माप छातीच्या अगदी खाली, श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर. दुसरं माप जिथे सर्वात जास्त भरतं तिथे. पहिल्या मापावरून येतो तो पट्ट्याचा आकडा, दोघांतल्या फरकावरून येतो कप. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, म्हणून आपल्याला आकडा पाठ असण्यापेक्षा ही दोन मापं पाठ असलेली बरी. लक्ष्मी रोडच्या एका दुकानात काउंटरमागच्या काकांनी माझ्याकडे एक नजर टाकून "चौतीस" असा निकाल दिला होता. मी पुढची सहा वर्षं चौतीस घालत होते. माझं माप चौतीस नव्हतं.

दुसरी गोष्ट, आधार खांद्यावरच्या पट्ट्यांचा नसतो, मुख्य आधार असतो छातीखालच्या रुंद पट्ट्याचा. तो नीट बसला पाहिजे. आत दोन बोटं जातील, मूठ जाणार नाही. हात डोक्यावर नेले तर पट्टा वर सरकता कामा नये. पाठीत तो कमानीसारखा वर चढत असेल तर तो सैल आहे, मग खांद्यावरच्या पट्ट्या कितीही आवळल्या तरी उपयोग नाही. नुसते खांदे दुखतील आणि वळ उठतील. मागे हुक असतील तर नवीन असताना सर्वात सैल हुकावर बसणारी घ्या. इलास्टिक पुढे ढिलं होतंच, तेव्हा आतले हुक कामाला येतात.

तिसरी गोष्ट, प्रकार. एक असतो डोक्यावरून घालायचा, सगळं सपाट दाबून धरणारा. लहान मापासाठी, योगासनांसाठी, चालण्यासाठी हा पुरतो. दुसर्‍यात दोन वेगळे कप असतात आणि तो दोन्ही बाजूंना स्वतंत्र धरतो. माप मोठं असेल किंवा पळणं, दोरीच्या उड्या, झुंबा असलं काही असेल तर हा दुसरा, किंवा दोन्हींचा मेळ घातलेला घ्यावा. पाकिटावर 'लो', 'मीडियम', 'हाय' लिहिलेलं असतं ते या धक्क्यांबद्दल असतं. सूर्यनमस्काराला आणि पळण्याला एकच वापरू नका.

चौथी गोष्ट, आणि ही सर्वात महत्त्वाची. ट्रायल रूममध्ये उड्या मारा. खरंच! आरशासमोर उभं राहून कसं दिसतंय ते बघणं ही टेस्टिंग नव्हे. जागच्या जागी अर्धा मिनिट पळा, दहा उड्या मारा, खाली वाकून बुटाची नाडी बांधा, खोल श्वास घ्या. श्वास अडकला तर ती घट्ट, कपातून वर काही बाहेर आलं तर ती लहान, कापडाला सुरकुत्या पडल्या तर ती मोठी. कोड लिहून न चालवताच प्रॉडक्शनला टाकणार्‍याला आपण काय म्हणतो?

कापडाबद्दल आपल्याकडे 'कॉटनच चांगलं' हे फार पक्कं बसलेलं आहे. रोजच्यासाठी असेलही. पण कॉटन घाम पितं आणि धरून ठेवतं. अर्ध्या तासाच्या पळण्यानंतर ते ओलं, जड होतं आणि शिवणीपाशी घासतं. पॉलिएस्टर किंवा नायलॉनमध्ये थोडं इलास्टेन घातलेलं कापड घाम बाहेर काढतं आणि चटकन वाळतं. त्याला वास मात्र लवकर लागतो, तेव्हा घरी आल्या आल्या धुवा. गार पाण्यात, ब्लीच नको, फॅब्रिक सॉफ्टनर नको, ड्रायर तर नकोच, कारण उष्णतेने आणि ब्लीचने इलास्टिक मरतं. दोन असाव्यात, म्हणजे पावसाळ्यातही एक कोरडी असते. आणि पट्टा ताणल्यावर परत जागेवर येत नसेल, तर तिला मानाने निरोप द्या. धूळ पुसायला चांगली असते.

खालच्या कपड्यांना एकच नियम. पूर्ण खाली बसून उठा. कंबर गुंडाळली गेली, मागून घसरली, किंवा उजेडात कापड पारदर्शक झालं तर ती नापास. मांड्यांच्या आतल्या बाजूला जाड शिवण नको. आणि खिसा बघा हो, खिसा! फोन हातात धरून पळणारी बाई आणि रिकाम्या हातांनी पळणारा तिचा नवरा हे दृश्य मी दर रविवारी बघते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या आज्या-पणज्या कुठे हे सगळं घालत होत्या? त्या शेतात राबल्याच ना? राबल्या. पण त्यांच्या कपड्यांकडे नीट बघा. नऊवारीला कासोटा असतो, तो वाकायला, चिखलात उतरायला, झाडावर चढायला मोकळा राहतो. आणि चोळी अंगाबरोबर शिवलेली, पुढे गाठ मारून आवळायची. तो कामाचा पोशाखच होता, कामाकडे बघून बेतलेला. आपणच मधल्या काळात ते सोडून दिलं आणि पळण्यासाठी दुसरं काही घेतलं नाही. माझी आई पाचवारी आणि चपला घालून टेकडी चढते. तिला मी टाइट्स घाल असं अजिबात म्हणत नाही. तिला मी फक्त नीट मापाची ब्रा आणि टाचेला धरणारे बूट घेऊन दिले. साडी तीच. ती म्हणते, "खांदे दुखायचे थांबले बाई." वयाच्या एकसष्टाव्या वर्षी थांबले.

दुसरी बाजू 'लोक काय म्हणतील'ची. माझं म्हणणं साधं आहे. वर काय घालायचं ते जिचं तिने ठरवावं. ढगळ टी-शर्ट घालून मोकळं वाटत असेल तर तो घाला, नसेल तर नका घालू. कमी घाला म्हणणारे आणि जास्त घाला म्हणणारे, दोघेही सारखेच. 2021 साली नॉर्वेच्या बायकांच्या बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी चड्ड्या घातल्या म्हणून त्यांना 1,500 युरो दंड झाला होता. नंतर तो नियम बदलला. तिथे जास्त घातलं म्हणून दंड, इथे कमी घातलं म्हणून नजरा. दोन्हीकडे खेळणार्‍या बाईला काय सोयीचं आहे हे कोणी विचारत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. माझी पहिली बरी स्पोर्ट्स ब्रा 1,200 रुपयांची होती आणि ती घेताना माझा हात थरथरला होता. 'दिसणार तर नाही, मग एवढे कशाला?' त्याच महिन्यात जिमचे वर्षाचे 15,000 भरताना तो थरथरला नव्हता. म्हणून आता मी प्रत्येकीला सांगते, बजेट कमी असेल तर बूट एक नंबर खालचे घ्या, घड्याळ तर घेऊच नका, पण यात काटकसर नको. आणि बरोबर बसलेली 600 रुपयांची, न बसलेल्या 3,000च्या ब्रँडेडपेक्षा चांगली. एवढं करूनही एकाच बाजूला सतत दुखत असेल किंवा गाठ लागत असेल तर मात्र दुकानात नाही, डॉक्टरकडे जायचं.

आमची मैत्रीण पुन्हा पळायला लागली. तक्ता परत पहिल्या आठवड्यापासून. मी तिला चिडवल्याबद्दल माफी मागितली, तिने ती इडली-सांबारावर मिटवली.

पण मला खरा आनंद दुसर्‍याच गोष्टीचा झाला. मागच्या महिन्यात ताईचा फोन आला, की लेकीने बास्केटबॉल सोडलं, म्हणते अभ्यास आहे. भाची आठवीत आहे. मी म्हटलं, शनिवारी तिला माझ्याकडे पाठव. दुकानात जाईपर्यंत पोरगी गप्प होती. रिक्षात हळूच म्हणाली, "मावशी, आईला सांगू नकोस हं." मी म्हटलं, "आईलाच सांगायचं. आईलाही एक घ्यायची आहे."

मग आम्ही दोघी त्या एवढ्याशा ट्रायल रूममध्ये शिरलो आणि मी तिला उड्या मारायला लावल्या. पहिल्यांदा ती लाजली, मग हसायला लागली, मग दोघीही हसत उड्या मारायला लागलो. फळ्या दणदणल्या. बाहेरून दुकानातल्या मुलीने दार वाजवून विचारलं, "ताई, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," भाची आतून ओरडली, "टेस्टिंग चालू आहे!"

मंगळवारी ती पुन्हा मैदानावर गेली. मला आठवीत जायला मिळालं नव्हतं, तिला मिळालं. खर्च 750 रुपये.

असो. उद्या रविवार आहे. घरात शिंप्याची टेप कुठे ठेवली आहे ते शोधा. आणि घरात आठवीतली कोणी असेल, तर तिलाही हाक मारा.